अर्ध्या तोंडाचा जॉबर

आदी एक सांगून टाकतो. तोंड वाकडं झालं ह्याचा मला येवढा राग आला न्हाय. लोकं हसली त्याचा आला. आन् सगळ्यात जास्त राग माजा मलाच आला, कारन त्या दिवशी सगळ्यांच्यासंगं मीबी हसलोय, तेबी अर्ध्याच तोंडानं.

मी सोलापुरात मागाच्या कारखान्यात जॉबर हाय. जॉबर मंजे माग बिगडला की दुरुस्त करनारा. आमच्याकडं टावेल निगत्यात. एका शेडात चोवीस माग खडाखडा चालत्यात, शेजारच्यानं कानात बोंब मारली तरी ऐकू येत न्हाय. म्हनून तितं आमी आवाजानं बोलतच न्हाय. नुसते ओठ हालवायचे, चार मागाच्या पलीकडचा बरोबर वाचतो. मी दुसरीत शाळा सोडली. पाटीवरचं अक्षर मला कदी कळलं न्हाय, पन ओठ वाचायच्या परीक्षेत बसवलं असतं तर पयला आलो असतो.

आन् ओठानं नक्कल करन्यात मला तोड न्हाय. मालकाची तर ठरलेली. मालक शेडात येत न्हाय, काचेच्या खोलीत बसतो, गालात पान, पुडं पोट. त्याच्या बापाचे हातमाग हुते, त्यावर हाबी विनायचा, मग ह्यानं पावरलूम टाकले आन् तवापासनं खुर्ची सोडली न्हाय. मी एका बाजूचा गाल फुगवायचो, ओठ वाकडा करायचो, पोट पुडं काडायचो, आन् बिनआवाजाचं बोलायचो, "ए, टावेल का कमी निगालेत रे?" शेड हसून हसून लोळायचं. वीस वर्सं हाच धंदा. पगार दुरुस्तीचा, कष्ट नकलेचं.

तर झालं काय, उजवा कान दुखायला लागला. असा दुखला की वाटलं आत कुनी ड्रिल चालवालंय. दुसऱ्या दिवशी कानाच्या पाळीवर आन् आत बारीक बारीक फोड. बायकू बगितली आन् म्हनली, "अवो, ही नागीन हाय. दवाखान्यात चला."

आता हितं शान्या मानसानं काय केलं असतं? मी काय केलो? मी म्हनलो, नागीनीला दवाखान्यात काय औषद नसतंय, ती बांदावी लागती. जेऊरला एक म्हातारा बांदतो. नागीनीच्या तोंडाला शेपूट मिळालं की मानूस खलास, म्हनून तो भोवतीनं गेरूचं रिंगान काडतो. बसलो रेल्वेत, गेलो जेऊरला.

म्हातारा कान उलटासुलटा करून बगितला. म्हनला, "हिचं तोंड आत, शेपूट बी आत. रिंगान कुटं काडू?"

मी जॉबर! मीच त्याला अक्कल शिकवली. म्हनलो, "बाबा, भायेरनं हात पोचत न्हाय तितं आमी तेल सोडतो की."

म्हाताऱ्याला पटलं. त्यानं गेरू पान्यात कालवला आन् माज्या कानात सोडला. वर सांगितला, "तीन दिस पानी लावू नको, दुसरं कसलं औषद घेऊ नको." मी नारळ फोडून, लाल कान घिऊन घरी आलो. मागाचा एक बोल्ट ढिला झाला तर शेडाच्या दारातनं मला आवाजावरनं कळतंय. आन् सोताच्या कानात गेरूची खीर घालून मी तीन दिवस ती सुकायची वाट बगत बसलो. ह्याच्यापायी कुनाला शिव्या घालू? म्हाताऱ्याला? त्यानं तर रिंगान कुटं काडू म्हनून विचारलं हुतं.

चवथ्या दिवशी सकाळी कामावर गेलो. ओठ जरा जड वाटत हुते. समोरच्या मागावर माजा दोस्त. त्याच्या घरात तेलुगू, शेडात मराठी, आन् शिव्या दोन्हीत. त्याला मी ओठानं म्हनलो, "माग बंद कर, पट्टा सरकलाय."

त्यो बगितला आन् पोट धरून खाली बसला. शेजारच्याला हातानं दाखवला. शेजारचा त्याच्या शेजारच्याला. मी परत म्हनलो, पट्टा सरकलाय. अजून हसली. मला वाटलं, मालक पाटीमागं उबा ऱ्हायला असंल म्हनून हसत असतील, म्हनून मीबी हसलो. माजं हसू बगून तर एक जन सुताच्या कांड्यांच्या ढिगाऱ्यावर आडवाच झाला.

चाच्या सुट्टीत दोस्त म्हनला, "काय बे, आज मालक एक नंबर काडलास! गाल बी तसाच, ओठ बी तसाच!"

मी म्हनलो, "मी काडलोच न्हाय बे."

आन् माज्या तोंडातला चा उजव्या कोपऱ्यातनं सदऱ्यावर आला. सगळे परत हसले. "बास की आता, मरतो आमी!" तितं माजं डोस्कं फिरलं. मानूस खरं बोलालाय, चा सांडालाय, आन् ही टाळ्या वाजवालेत. पन दोष कुनाचा? वीस वर्सं मीच शिकवलंय त्यांना, ह्याचं तोंड वाकडं झालं की हसायचं असतंय म्हनून.

घरी गेलो तर बायकूबी तीच. "ताटावर बसून सोंगं करू नका."

"अगं, सोंग न्हाय."

"व्हय तर! तुमची सासू गेली तवाबी तुमी सोंग करत हुता."

ते मातर खोटं न्हाय.

दुसऱ्या दिवशी अंगोळीला बसलो. तोंडाला साबन लावला आन् डोळे मिटले. मंजे डावा मिटला. उजवा उगडाच. साबन सरळ डोळ्यात. मी अशी बोंब मारली की बायकू पळत आली, माजं तोंड दोन्ही हातात धरून बगितली. फेस लावलेलं तोंड, एक डोळा मिटलेला, एक टक्क उगडा. तिनं पयल्यांदा माज्याकडं बगून हसायचं सोडलं. रडायला लागली. खरं सांगतो, मला जरा बरं वाटलं. निदान एकाला तरी पटलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर कानात बॅटरी टाकून लई वेळ बगत हुता. मग म्हनला, "आत हे लाल काय आहे?"

"गेरू."

डॉक्टर चश्मा काडला. "गेरू कशाला?"

मी बायकूकडं बगितलो. बायकू म्हनली, "शाने हायत ह्ये लई."

डॉक्टर म्हनला, नागीन कानाच्या नसेत शिरली, त्याच नसेच्या शेजारनं तोंडाची नस जाती, ती सुजली. फोड दिसले त्याच दिवशी आला असता तर गोळ्यांचा जास्त उपेग झाला असता. आता घ्या, पन किती सुदरंल सांगता येत न्हाय. डोळ्यात थेंब टाका, झोपताना पट्टी लावा, न्हाय तर डोळा जाईल. कान थोडा कायमचा कमी ऐकंल. मी म्हनलो, "कानाचं सोडा साहेब, आमच्या धंद्यात कान कुनाला लागतोय. ओठ द्या."

आन् खरं तेच हुतं. कारखान्यात गेलो तर मालक काचेच्या खोलीतनं भायेर आला. म्हनला, "तुझे ओठ कळेनात कुनाला. मागातला धोटा उडाला, कुनाचा हात अडकला, तर तू लांबनं काय सांगनार? मी बदली जॉबर घेतलाय. तोंड नीट झालं की ये."

लई बरोबर बोलला. म्हनून तर जास्त राग आला. चुकीचं बोलला असता तर भांडायला तरी आलं असतं. माज्या हातात पाना हाय, माज्या डोस्क्यात चोवीस माग हायत, आन् माजी भाकरी अडकली कशात? वरच्या ओठाच्या उजव्या अर्ध्यात.

मग घरी रीघ लागली. ज्याला सोताच्या नाकाचा शेंबूड काडता येत न्हाय त्यो मला तोंड सरळ करायला शिकवालाय. एक म्हनला, पारव्याचं रक्त चोळ. एक म्हनला, उजव्या गालावर रोज एक ठिवून दे, आपोआप सरळ हुतंय. कसं हुईल? आदीच डावीकडं वडलं गेलंय. आन् जाताना दारात वळून, "एकदा मालक काड की." काडायला लागत न्हाय भाड्या, तसाच बसलोय मी!

दवाखान्यात व्यायाम शिकवनारी एक मॅडम हुती, माज्या लेकीच्या वयाची. आरसा दिली आन् म्हनली, "मामा, हळू. भुवई उचला, डोळा अलगद मिटा, ओठ बाजूला न्या. प्रत्येक पाच वेळा. जोर लावायचा नाही."

घरी आलो. पाच वेळानं काय हुतंय? मी आरश्यापुडं सकाळ, दुपार, संध्याकाळ तोंड वडत बसलो. शिट्टी मार, फुगा फुगव, दात दाखव. बायकू म्हनली, "मॅडम पाच म्हनलीय नव्हं?" मी म्हनलो, "तुला मशीनीतलं काय कळतंय?"

दोन-तीन महिन्यांत ओठ हालायला लागला. माजी छाती फुगली. मॅडमपुडं बसलो आन् ऐटीत ओठ बाजूला नेला. तर ओठाबरोबर उजवा डोळा फटकन मिटला. परत नेला, परत मिटला.

मॅडम कपाळाला हात लावली. "मामा, मी किती वेळा सांगितलं होतं?"

"पाच."

"तुम्ही किती केलं?"

"मोजलं न्हाय."

"का पण?"

"मॅडम, नट बसत न्हाय तवर आवळायचा असतोय."

"आणि जास्त आवळला तर?"

मी खाली बगत म्हनलो, "आटे जात्यात."

"गेले ना मग. नस नव्यानं वाढताना वाट चुकली. ओठाकडं जायची ती डोळ्याकडंबी गेली." ती रागात माज्यासारखंच बोलायला लागली हुती. मग दोन महिने ती म्हनल तसं, आरश्यात डोळा उगडा धरून, हळूच ओठ हालवायचं काम. बायकू समोर बसून मोजायची. पाच झाले की आरसाच काडून घ्यायची.

असे सा महिने गेले आन् मी कारखान्यात गेलो. मालक मला शेडाच्या दारात थांबवला. माग सगळे चालू. हातानं खूण केला, शेवटच्या मागाजवळ जा, तितनं दोस्ताला काय तरी बोल. कळलं तर ठेवतो.

गेलो. बोलायचं ठरवलं हुतं, "पट्टा सरकलाय." साधं, सरळ. पन दोस्त माज्याकडं बगितला, त्याच्या तोंडावर हसायची तयारी दिसली, आन् पाटीमागं मालक पोटावर हात ठिवून उबा. माज्या आत सा महिन्याचं साठलेलं उसळलं. माजे ओठ बोलून गेले, "ह्या ढेरपोट्याला सांग, माजं तोंड आत्ता वाकडं झालंय, ह्याचं मन जल्मापासनं वाकडं हाय."

सगळं शेड वाचलं. पयल्या मागापासनं शेवटच्यापत्तर. कुनी हसलं न्हाय, सगळी खाली माना घालून सुताची तार जोडायला लागली, न तुटलेली. मालक दोस्ताला खांद्याला धरून विचारला. दोस्त त्याच्या कानाला तोंड लावून बोलला, पन ओठ मला दिसत हुते. "नमस्कार म्हनालाय मालक."

मालक मान हालवला. मग माज्याकडं वळला आन् ओठ हालवला. नुसते ओठ, बिनआवाजाचे, एकदम सोच्छ, जुन्या विनकराचे. "वीस वर्सं काचेतनं वाचालोय तुला. पोट हाय, मान्य. मन वाकडं असतं तर तुला ठेवला असता काय रे? उद्या आठला ये."

वीस वर्सं! आन् एकदा तरी सांगायचं की न्हाय मानसानं? मी काय काय बोललो हुतो त्याच्या पोटाला, पानाला, मेव्हन्याला! येवढी लाज वाटली की रागच आला. "मालक, चुकलं" म्हनायला ओठ हालवला, तर उजवा डोळा फटकन मिटला.

मालकाला वाटलं, मी डोळा मारला. पोट धरून हसायला लागला. मग शेडबी हसलं.

दुसऱ्या दिवशी आठला गेलो. कानात कापूस, हातात पाना. नक्कल अजून करतो, पन काचेकडं पाठ करून. दोस्त म्हनतो, पाठीमागनंबी ढेरी कळती.