देवधानाचं टोक

"ही बाजू तर पडीकच आहे, साहेब. इथी कोणी जाळंसुद्धा टाकत नाई."

ठेकेदार हे बोलला तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्या मागेच उभी होते. तलाव पाहायला आलेल्या साहेबांनी मान डोलावली. तलावाच्या खोल भागातली गाद, म्हणजे साचलेला गाळ, काढायची, ती या उथळ टोकात भरायची आणि वर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, करायच्या, असं ठरत होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, लावलेल्या फलकावर मात्र ‘तलाव पुनरुज्जीवन’ लिहिलं होतं. जेसीबीने एक कोपरा खरवडलाही होता.

माझी आत्या याच तलावातल्या मासोळीवर जगते. पाणी चढलं की मासोळ्या अंडी घालायला या टोकाच्या देवधानात शिरतात. देवधान म्हणजे न पेरता उगवणारा रानभात. म्हणून इथे आमच्यातलं कोणी कधीच जाळं टाकत नाही. ‘पोरी माहेरी आल्या’ म्हणतात. लहानपणी सुट्टीत मी तिथे पाय घातला, तर आत्याने पाठीत धपाटा दिला होता.

जपलेल्या जागेला हा माणूस पडीक म्हणत होता.

मी शिकते त्या ऊर्जानगरहून आत्याने मला बोलावलं होतं ते साहेबांशी बोलण्यासाठी. ‘साहेब शिकलेल्या पोरीचं आयकन,’ ही तिची आशा. आल्या आल्या ठेकेदाराने माझ्या हाती ट्रे दिला आणि मी तो मुकाट्याने घेतला. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प राहायचे, गावात बोली चुकेल म्हणून.

आत्याच पुढे झाली. "साहेब, इथी भराव टाकू नोका. मासोळीचं बाळंतपण होते इथी."

"मंग दवाखाना बांधून देऊ का, बाई?" ठेकेदार म्हणाला.

साहेबही हसले. मला ते हसणं जास्त लागलं.

"बोल ना वं!" आत्या माझ्याकडे वळली. "काऊन चूप आहेस?"

"तिले काऊन विचारता? इंग्लिश शाळेतली पोरगी, तिले मासोळीचा वास येत असन." एवढं बोलून ठेकेदाराने जेसीबीवाल्याला हात केला. मशीन गुरगुरत देवधानाकडे वळलं.

मी ट्रे साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर आदळला. चहा काचेवर उडाला.

"आम्ही इथी जाळं टाकत नाई, म्हणून बाकीच्या तलावात मासोळी आहे, साहेब! हे टोक बुजवलं तर पुढच्या साली आत्याच्या जाळ्यात काय येईन, तुमची गाद? बंद करा ते मशीन."