नावाड्याला दिलेली बक्षिसी

मंडळी, आज सकाळी घडलेलं लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे.

मागे सुरतेच्या खाणावळीत वाढप्याला बक्षिसी दिली नाही, म्हणून चारचौघांत टोमणा ऐकला होता. तेव्हा आज सारंगखेड्याला तापी पार होताच आमच्या नावाड्याच्या हातावर एक आणा ठेवला.

त्याचा चेहरा पडला. "मन्हं काय चुकनं, भाऊ? औंदा खळावर माले बलावशी ना?"

गावाला तो वर्षभर नदीपार नेतो आणि त्याबद्दल सुगीत खळ्यावर धान्य घेतो. रोख दिलं म्हणजे धान्य बंद, अशी त्याला धास्ती.

"बलावसू, काका!"

"मंग हाऊ आणा तुन्हाजोडेच ऱ्हाऊ दे," म्हणत त्याने तो परत दिला.

मला अजून चैन नाही. आपल्याच माणसाला खुशीने काही जास्त द्यायचं, तर तुम्ही कसं देता?