बारा म्हणजे सगळं ठीक

या सदरातले अनुभव मी वाचतो ते खरं तर चूक काढायला. दिवा आपोआप लागला, गाडी आपोआप थांबली, असं कुणी लिहिलं की मी मनात म्हणतो, वायर सैल असेल बाबा. वीस-बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. कारणाशिवाय काही घडत नाही, यावरच माझं पोट चाललं. तरी आज लिहायला बसलोय. कारण एका गोष्टीचं कारण मला अजून सापडलेलं नाही... आणि दुसऱ्या गोष्टीचं कारण मीच आहे.

शहापूरला, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. दोन हजार सालानंतर कॉम्प्युटर बसवलेल्या गाड्या आमच्याकडेही यायला लागल्या. इंजिनात बिघाड झाला की डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागायचा. बाकीचे मेकॅनिक त्याला हात लावत नसत. मी कल्याणला चार दिवस जाऊन तो वाचायला शिकून आलो होतो. मशीन वगैरे काही लागत नसे. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, चावी फिरवायची आणि दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा – म्हणजे बारा. बारा म्हणजे सगळं ठीक. चारदा आणि मग दोनदा – बेचाळीस. म्हणजे प्लगने ठिणगी कधी टाकायची हे कळवणारा सेन्सर गेला. असा पंचवीसेक नंबरांचा तक्ता होता. मी तो भिंतीवर लावला होता, पण मला पाठच होता. लोक कौतुक करायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा नवरा भास्कर. धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. त्याने जुनी व्हॅन घेतली होती. बाजाराच्या दिवशी वरच्या पाड्यांतल्या बायका आणि त्यांच्या भाजीच्या पाट्या भरून तो धसईला आणायचा. उतार मोठा, वळणं आंधळी, पण हात चांगला होता त्याचा.

एके दिवशी तो गाडी घेऊन माझ्याकडे आला. दिवा लागला होता. मी मोजलं. बेचाळीस.

"दाजी, सेन्सर बदलायला लागेल. नायतर गरम झाली की चालता चालता बंद पडेल."

"मग मागवा ना."

"मागवतो."

तोवर मी फ्यूज काढला, मिनिटभराने परत लावला. असं केलं की कॉम्प्युटर मागचं सगळं विसरतो. परत मोजलं, बारा आलं. "बघा, गेला," मी म्हणालो. भास्कर खूश होऊन गेला. आठ दिवसांनी दिवा परत लागला. मी परत फ्यूज काढला. पार्ट मागवला नव्हता.

तिसऱ्यांदा आला तेव्हा तो वैतागला होता.

"दादा, बायका बसायला बघत नायत. ती ठमाबाई काय बोलते माहीत आहे? 'भास्कर, तुझ्या गाडीला कावीळ झालीय रे, गळ्यात वैदूची माळ घाल तिच्या!' सगळी गाडी हसते मला."

मीही हसलो. "मग घाला की माळ."

"चेष्टा नको. गाडी चालते ना? मग तो दिवाच काढा. पार्ट आला की बसवा परत."

त्या दिवशी माझ्यापुढे दोन इंजिनं उघडी पडलेली. मी मीटर खोलला, त्या चित्रामागचा बल्ब काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. पाच मिनिटांचं काम. दिवा काढला म्हणून बेचाळीस जात नाही, हे अख्ख्या तालुक्यात मलाच ठाऊक होतं. त्यानंतरही पार्ट मागवला नाही. विसरलो, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे दिवा दिसत नव्हता, म्हणून माझी घाईच संपली.

श्रावणातला बाजार होता. सकाळचे नऊ वाजले असतील. भास्करची तिसरी फेरी. गाडीत सुनंदा, ठमाबाई आणि आणखी दोघी. मोठा उतार सुरू व्हायच्या जरा आधी त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, "दिवा लागलाय. तुमी सगळ्या उतरा, चालत या. मी गाडी खाली मोकळ्या जागेत लावतो." वळणावर एसटी यायची वेळ झाली होती, गाडी तिथे ठेवता येत नव्हती. बायका पाट्या घेऊन उतरल्या. ठमाबाई बडबडत होती.

उतारावर इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा होतो, दोन्ही पायांनी दाबला तरी पुरत नाही. गाडी खालच्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर गेली. बायका पोचल्या तेव्हा भास्कर गेलेला होता.

मुरबाडच्या दवाखान्याबाहेर सुनंदा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "दादा, दिवा लागला म्हणून आमी चौघी वाचलो." मी काढलेला बल्ब मी परत बसवला असणार, असं ती समजत होती – मला तरी तसं वाटलं. मी तिला तसंच समजू दिलं.

तिसऱ्या दिवशी मी गाडीपाशी गेलो. ड्रॉवरमधला बल्ब खिशात घेतला होता. मीटर खोलला. बल्बची जागा रिकामी, मी सोडली तशीच. दुसऱ्या कुणाचा हात लागल्याची खूण नव्हती. मी बल्ब बसवला, पिना जोडल्या. पेट घेईल म्हणून लोकांनी बॅटरीची वायर उपटली होती, ती लावली आणि चावी फिरवली. दिवा एकदा लुकलुकला. थांबला. मग दोनदा. बॅटरी निघाल्याने कॉम्प्युटर सगळं विसरला होता, हे मला कळत होतं. तरी त्या चेपलेल्या गाडीत रक्ताच्या डागांशेजारी बसून मी ते बारा बघत राहिलो...

मीटरच्या काचेवर ऊन चमकलं असेल, असं म्हणावं तर त्या सकाळी आभाळ गच्च होतं. मी ठमाबाईला जाऊन विचारलं. ती म्हणाली, "चमकत नव्हता रे बाबा, पेटलेला होता. तीच कावीळ. मी वळखत नाय का?"

त्यानंतर सात वर्षं मी दर भाऊबीजेला सुनंदाकडे गेलो. तिने ओवाळलं की माझी मान वर होत नसे. गेल्या भाऊबीजेला ओवाळायच्या आधीच मी बोलून टाकलं. बल्ब, फ्यूज, न मागवलेला पार्ट, सगळं.

ती तबकात वात ठेवत होती. थांबली नाही.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"त्यांनीच सांगितलं गाडीत, हळूच. बोलले, 'सुनंदा, ह्याच्यात बल्बच नाय गो. दादाने काढलाय. तरी लागलाय.' तोंड पांढरंफटक पडलेलं. म्हणून तर उतरवलं आमाला. नुसता दिवा असता तर ते थांबले असते होय? आधी तीनदा लागला, तेव्हा कुठे थांबले?"

"मग सात वर्षं बोलली का नाहीस मला?"

"बोलून काय करू? तू यायचा बंद झाला असतास."

मग तिने मला ओवाळलं. जेवायला वाढलं. मी जेवलो. भाजी तिखट झालीय का, एवढंच ती मध्ये विचारत होती.

बल्ब नसलेला दिवा कसा लागला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. वायरिंगचा नकाशा काढून मी कितीदा तरी बसलो, त्यातून काही निघत नाही. कुणाला सुचलं तर कळवा, पण मला त्याची आशा नाही. एवढंच कळतं की त्या दिव्याने चार बायकांना खाली उतरवलं. भास्करला उतरवायचं काम माझं होतं, आणि ते करायला मला दिवा लागत नव्हता.