का सोडलं ते विचारायचं नाही

कवळीवाल्यांना कवळ्यांचा कंटाळा कधी आला नाही. मेणात दात रोवायचे, साचा भरायचा, घासायचं, पुन्हा घासायचं. "डावीकडचा दात जिभेला टोचतो," अशी तीच तक्रार घेऊन तेच गिऱ्हाईक कितीही हेलपाटे घालत राहिलं, तरी हा माणूस हसतमुखाने कवळी हातात घ्यायचा. पण कामाच्या खोलीचं दार ओढून घेतलं की ही चिकाटी कुठे जायची, देव जाणे. घरी त्यांनी जे म्हणून हाती घेतलं ते अर्ध्यावर टाकलं. चित्रकला एका सफरचंदाच्या पुढे गेली नाही. मासे धरायला गेले, तर पहिलाच मासा गळाला लागल्यावर त्याचा जबडा उघडून आत दात कसे बसलेत ते बघत राहिले, तेवढ्यात मासा पाण्यात पसार. जादूचे प्रयोग शिकताना बायकोची अंगठी गायब करून दाखवली, ती अजून परत आलेली नाही.

छंद गेले तरी त्यांचं सामान घरातच राहायचं. बायको तशी सोशीक, पण एकदा कपाट उघडल्याबरोबर गळाची काठी तिच्या डोक्यात पडली आणि तिने निकाल देऊन टाकला. "अहो, यापुढे एक वस्तू घरात यायची असेल तर आधी एक बाहेर गेली पाहिजे. नाहीतर मी जाते."

दुसरा कोणी असता तर वरमला असता. कवळीवाल्यांना यात नवीन छंदांची सोयच दिसली. गळाची काठी न्हाव्याला देऊन त्यांनी त्याचा पोहण्याचा चष्मा आणला, जो अजून ओलाही झाला नव्हता. बघता बघता सुट्टीच्या सकाळी लाँड्रीसमोरच्या बाकावर अदलाबदलीचा बाजारच भरायला लागला. त्याचे दोन नियम कवळीवाल्यांनीच घालून दिले. का सोडलं ते विचारायचं नाही, आणि दिलेलं परत मागायचं नाही. पहिल्या नियमावर सगळे जाम खूश होते. घरच्यांनी तेवढं एकच विचारून प्रत्येकाला हैराण केलेलं होतं.

मग एका सकाळी लाँड्रीवाल्या बाईंनी अ‍ॅकॉर्डियन बाहेर काढला. कवळीवाल्यांना तो पाहताक्षणी हवासा वाटला, कारण त्याच्या पट्ट्या थेट दातांसारख्या दिसत होत्या. ते धावत घरी आले. कपाटावर लोकरीची जुनी पिशवी होती. मागे कधीतरी थंडीत त्यांनी मफलर विणायला घेतला होता. टाके घालायचे कसे आणि पुढे विणायचं कसं एवढं शिकले, वीतभर विणलं, आणि विणकाम बंद कसं करतात त्या धड्याआधीच क्लासला रामराम ठोकला. पिशवी हाताला जरा जड लागली, पण घाईत ती उघडून कोण बघतो? ती देऊन त्यांनी अ‍ॅकॉर्डियन छातीशी धरून आणला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "कपाटावरची पिशवी कुठंय?"

"ती होय? दिली. माझा तो अर्धवट मफलर होता तिच्यात."

"तुमचा वीतभर होता," बायको म्हणाली. "पुढचा माझा होता."

तेव्हा कुठे उलगडा झाला. कवळीवाले विणत तेव्हा ती शेजारी बसून बघत असे. यांनी टाकल्यावर तिने सुया उचलल्या आणि रोज दुपारी विणत राहिली. थांबली नाही, कारण थांबायचं कसं ते नवराच शिकला नव्हता, तर तिला कुठून येणार? ती रागावली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशीपासून ती दुपारी हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहायला लागली. कवळीवाल्यांना जेवण गोड लागेना. अ‍ॅकॉर्डियनकडे बघितलं की तो दात विचकतोय असं वाटायचं.

शेवटी ते लाँड्रीत गेले. "बाई, ती पिशवी..."

"दिलेलं परत मागायचं नाही," बाई इस्त्री फिरवत म्हणाल्या. "नियम तुमचाच. आणि मी काही ती देणार नाही. मी तो पुढे विणायला घेतलाय. बंद कसा करायचा ते मात्र कळत नाही."

मफलर कपड्यांच्या दांडीवरून लोंबत टेबलाखाली गेला होता आणि तिथून वळून पुन्हा वर आला होता. बघून कवळीवाल्यांचे डोळे पांढरे झाले. मुकाट्याने घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती उठली, चपला घातल्या आणि तडक लाँड्रीत गेली. आता भांडण होणार म्हणून हे धसकून घरीच थांबले. ती परतली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. "एक दिवस त्या, एक दिवस मी," एवढंच म्हणाली. पण ज्या दिवशी पाळी नसायची त्या दिवशीही ती जायची.

काही दिवसांनी तिनेच कुरकुर केली. "अहो, याला शेवट हवा ना. अर्धं तुम्ही शिकवलंत, उरलेलं शिकून या."

कवळीवाल्यांच्या गिऱ्हाइकांपैकी एक, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, विणकामात वस्ताद होत्या. मेणावर लावलेले दात तोंडात घालून बघायला आल्या की त्यांना बोलता यायचं नाही, म्हणून त्या खुणांनीच शिकवत आणि चुकलं की सुईने हातावर टोला देत. कवळीवाले खाली मान घालून शिकत राहिले. आणि जमलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला एखाद्या गोष्टीचा शेवट करता आला. आनंदाने फुलून, त्या दिवशी काम तसंच टाकून ते भर दुपारी लाँड्रीकडे निघाले.

दाराशी पोचले तर आत दोघी हसत होत्या. बायकोच्या गळ्याला मफलरचे कितीतरी वेढे होते, दुसरं टोक बाई विणत होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. त्यावर बायको डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. इतक्या वर्षांत ती घरी कधी अशी हसली नव्हती. कवळीवाल्यांना फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

तिने वर पाहिलं. "आलात शिकून?"

कवळीवाले उंबऱ्यावर घुटमळले. सुया खिशातच होत्या.

"नाही जमलं," ते म्हणाले. "दिलं सोडून."

"वाटलंच मला," बायको म्हणाली आणि सरकून तिने त्यांना शेजारी जागा करून दिली. बाईंनी पुढची ओळ विणायला घेतली. का सोडलं, ते दोघींपैकी कोणीच विचारलं नाही.