पालथा ठेवलेला फोन

राजूरच्या खाणीत तीस वर्षं काढली, पण माझ्या चुकीमुळे कोणाच्या नखालाही धक्का लागला नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. बायको म्हणायची, पाहुण्याला चहा तरी पिऊ द्या आधी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आपल्यासाठी आहे असं कोणाला वाटतं? मलाही वाटलं नव्हतं.

नोव्हेंबर उजाडला की आम्हा पेन्शनवाल्यांना आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. आता तो मोबाईलवर निघतो; चेहरा समोर धरायचा, डोळे मिचकावायचे. माझा चेहरा काही जुळेना. अंगणात उन्हात उभा राहिलो, चष्मा काढला, टोपी काढली, तरी नाहीच. बायको पायरीवर मेथी निवडत होती. ती म्हणाली, "तुमचं तोंड मलेच कधीकधी ओळखू येत नाही, त्या मोबाईलले कसं येईन?"

मला राग आला. शिवाय पुढच्या आठवड्यात वणीतल्या दोन खोल्यांच्या घराची रजिस्ट्री होती, त्याआधी सगळे कागद जागच्या जागी हवे होते. रिटायर झाल्यावर मिळालेले पैसे त्या घरासाठी खात्यात पडून होते. बायकोचा जन्म कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेला, नंतर भाड्याच्या घरात. आपल्या नावाचं एक दार असावं, एवढंच तिने आयुष्यात मागितलं होतं.

मी मोबाईलवर मदतीचा नंबर शोधला. जो सगळ्यात वर आला तो लावला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलला, फार अदबीने. बाबूजी, बाबूजी करत त्याने माझी अडचण ऐकून घेतली. तुमच्या मोबाईलमध्येच बिघाड आहे, म्हणाला, इथूनच दुरुस्त करतो. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, त्यात दिसलेला आकडा विचारला, मी वाचून दाखवला. जिथे जिथे 'परवानगी द्या' आलं तिथे तिथे दिली. मग तो म्हणाला, "अब फोन उल्टा रख दीजिए, हाथ मत लगाइए। बीच में छुआ तो पेन्शन की फाइल उड़ जाएगी।"

दुसऱ्या कोणाला इथे शंका आली असती. मला उलट विश्वास वाटला, आणि का वाटला ते सांगितलं पाहिजे. खाणीत पाळी सुरू होण्याआधी सरदार, म्हणजे पाळीच्या सुरक्षेचा मुकादम, काठीने छत ठोकून पाहतो. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर छत कधीही खाली येईल. तो ठोकत असताना बाकीच्यांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. कारण विचारायचं नाही. त्या सवयीनेच मी जिवंत वर येत राहिलो. सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी कामाचं बोललं, असं मला वाटलं.

मी फोन टेबलावर पालथा घातला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. आपल्या हातून काही बिघडेल या भीतीने मी खोकलासुद्धा दाबला.

बायको मेथीची टोपली घेऊन आत आली. "हा काहून एवढा थरथरून राह्यला?" तिने विचारलं. मी ओठावर बोट ठेवलं. तिने टोपली खाली ठेवली आणि फोनकडे हात नेला, तसं मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. ती सोडवायला लागली तसं मी आणखी आवळलं आणि तिच्यावर ओरडलो, "हात लावू नको म्हटलं ना!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्याशी असा मी कधीच वागलो नव्हतो.

तिने दुसऱ्या हाताने फोन सुलटा केला.

आमच्या खात्याचं पान उघडं होतं. कोणाचंही बोट लागलेलं नसताना त्यावर अक्षरं उमटत होती, एका परक्या माणसाचं नाव. वर एकामागून एक मेसेज येत होते. कॉल अजून चालूच होता; तेवढ्यात त्यातून आवाज आला, "बाबूजी, मैंने मना किया था न।" आता त्यात अदब नव्हती. तो माणूस आमच्या घरातच उभा आहे आणि आम्हाला पाहतो आहे असं वाटून मी खरंच मागे वळून पाहिलं.

बायकोने बाजूचं बटण दाबून धरलं ते स्क्रीन काळी होईपर्यंत सोडलं नाही. मग केसांतली पिन काढून सिमकार्ड उपसलं. मी नुसता उभा होतो. शेजारणीच्या फोनवरून सायबर तक्रारीच्या सरकारी नंबरवर तिनेच कळवलं, आणि ऑटो करून मला वणीला बँकेत नेलं. रस्ताभर कोळशाचे ट्रक आडवे येत होते, आणि प्रत्येक ट्रकमागे आमचं घर थोडंथोडं जात होतं.

बँकेतल्या मॅडमनी आधी खातं गोठवलं, मग बोलल्या. एक रक्कम गेली होती. मोठी रक्कम अडकून राहिली, कारण नवीन नाव जोडल्यावर ती लगेच पाठवता येत नाही. अर्धा दिवस उशीर झाला असता तर तीही गेली असती. नंबर पासबुकावरचा घ्यावा, म्हणाल्या, मोबाईलवर शोधलेला नाही. आणि जो तुमच्या फोनमध्ये शिरायला मागतो तो मदत करायला आलेलाच नसतो. मी मान हलवत राहिलो. ऐकू फक्त निम्मं येत होतं.

गेलेली रक्कम बायकोने गळ्यातली सोन्याची एकदाणी मोडून भरली. फोन कोणाचाही वाजला तरी मी दचकायचो.

तोवर बँकेने खातं पुन्हा मोकळं केलं होतं, आणि रजिस्ट्री ठरल्या दिवशीच झाली. घर तिच्या एकटीच्या नावावर करायला मी सांगितलं. अंगठा मशीनवर ठेवायला तिने हात पुढे केला, तशा बांगड्या मागे सरकल्या. मनगटावर चार बोटांचे वळ होते, आता हिरवट पिवळे पडलेले. कारकुनाने ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"कवाडात चेंगरला हात," ती त्याला म्हणाली.

पहिला ठसा नीट उमटला नव्हता. तिने पदराला अंगठा पुसून पुन्हा ठेवला. मी तिच्या मागे उभा होतो, आणि त्या फोनवाल्याची वाटली नव्हती इतकी भीती मला माझ्या स्वतःच्या हाताची वाटली.