नणंदेची नदी आणि आमची गोदा

माझी धाकटी नणंद मनीषा न्यूझीलंडहून आली आणि पहिल्याच चहाला तिथल्या एका नदीचं कौतुक सुरू झालं. त्या नदीला म्हणे कायद्यानं जिवंत व्यक्ती मानलंय. तिला हक्क आहेत, तिच्या वतीनं बोलायला माणसं नेमलीत. फोटोत पाणीही असं नितळ, की माझा नुसता जळफळाट झाला. आपल्याकडे गंगा-यमुनेला एका कोर्टानं तसा दर्जा दिला, तर वरच्या कोर्टानं स्थगिती दिली. आमच्या गोदेला तर नुसत्या आरत्या. म्हटलं, चल, तुला तुझं माहेर दाखवते.

रविवारी उजाडताच आमच्या द्वारका चौकातून निघालो. गोदेचा उगम त्र्यंबकला, तासाभरावर, पण सुट्टीच्या दिवशी उशीर केलात तर गाडी लावायला जागा मिळणार नाही. परतताना मिसळ खाल्ली. दोघींचं तीनशेच्या आत भागलं. मनीषानं तर्री दोनदा मागितली. "तिकडे असलं काही मिळत नाही गं वहिनी," ती म्हणाली आणि मला फार बरं वाटलं. पुढे गोदेवरच्या गंगापूर धरणाचं निळंशार पाणी बघून ती भराभर फोटोच काढायला लागली. आता कशी जिरली, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

तिथूनच घरी यायला हवं होतं. पण सासूबाई दरवर्षी सायखेड्याला जाऊन नदीची ओटी भरायच्या, तशी मनीषाला भरायची होती. शहर ओलांडून, द्राक्षबागांमधून तिथे पोचलो. घाटावर उतरलो तर पाणी दिसेचना. सगळीकडे पाणवेली, आणि नाकाला पदर लावावा असा वास. मनीषा पायरीवरच थबकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारी एक मावशी झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या. त्या मनीषाला म्हणाल्या, "आई आजारी हे म्हणून लेकीनं लांबूनच बघायचं का?"

मनीषानं चपला काढल्या, जीन्स दुमडली, पाणवेली हातानं सारत गुडघाभर पाण्यात गेली. हळद-कुंकू वाहिलं आणि ढसाढसा रडायला लागली. मी तिच्या चपला सांभाळत काठावर. राहते मी इथे आणि रडणार ही! मी पुन्हा जळले.

"आन् तुमी कोन?" मावशींनी मला विचारलं.

"मी सून."

"मंग तुमालाच बघावं लागंल. लेकी काय, चार दिस राहून जात्यात."

विमानतळाला निघताना मनीषानं माझा हात धरला. "वहिनी, गोदेकडे बघ गं." सासूबाई होत्या तेव्हाही ती दर खेपेला "आईकडे बघ" म्हणायची आणि उडून जायची. तिच्या तिकडच्या नदीकडे बघायला कायद्यानं माणसं आहेत. तिचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेच्या घाटावर, भाजी आणायला गेले. पुलावर एक गृहस्थ स्कूटर थांबवून निर्माल्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी खाली टाकायच्या बेतात होते. मी जाऊन पिशवीच धरली.

"तुमची आहे का नदी?" ते खेकसले.

"सासूबाई आहेत माझ्या," मी म्हटलं आणि पिशवी सोडली नाही.