बारा पॉइंट सत्तेचाळीस

मी एका माणसावर बरीच वर्षं डूख धरून होते. हे सांगताना मला लाज वाटत नाही. लोक म्हणतात, माफ करून टाकावं, आपल्यालाच हलकं वाटतं. मला नसतं वाटलं. मला त्या माणसाच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, तेही चारचौघांत: "चूक हिची नव्हती." एवढंच. ते मिळेपर्यंत माफीबिफीचा विषय मी कुणाला काढू देत नसे.

तो माणूस म्हणजे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले मोजमापाच्या प्रयोगशाळेचे सर. मी देवगाव रंगारीची. घरातून इंजिनिअर व्हायला निघालेली पहिलीच, आणि मेकॅनिकलच्या वर्गात मोजून तीन मुली. त्या प्रयोगशाळेत काचेचं एक मोठं कपाट होतं. आत मखमलीच्या खोक्यांत मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज अशी बारीक मापं घ्यायची उपकरणं मांडलेली. कपाटाला कुलूप आणि किल्ली सरांच्या खिशात. डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे सामानाच्या नोंदवहीवर, सही त्यांची होती, त्यामुळे एखादं उपकरण हरवलं किंवा पडलं तर जाब त्यांना द्यावा लागणार. म्हणून त्यांनी सोपा उपाय काढला होता. कुणाला हातच लावू द्यायचा नाही. वर्षातून एकदा तपासणी समिती यायची. त्या दिवशी सगळी उपकरणं पांढऱ्या चादरीवर मांडायची, आम्ही ॲप्रन घालून मागे उभं राहायचं, आणि समितीची गाडी फाटकाबाहेर गेली की सगळं परत कपाटात.

मग प्रॅक्टिकल कसं व्हायचं? फाईलवर. आधीच्या बॅचच्या मुलाची फाईल घ्यायची आणि उतरवायची. त्यानंही त्याच्या आधीच्याची उतरवलेली असायची. मायक्रोमीटरच्या पानावर पिनेचा, म्हणजे एका गोल लोखंडी तुकड्याचा, व्यास बारा पॉइंट सत्तेचाळीस मिलिमीटर. माझ्या फाईलमध्ये तोच, माझ्या मैत्रिणीच्या फाईलमध्ये तोच. सर लाल पेनानं सही करायचे. तोंडी परीक्षेत विचारायचे, "पिनेचा व्यास किती आला?" आम्ही आकडा सांगायचो आणि पूर्ण मार्क घेऊन बाहेर यायचो. ती मूळ पिन कुणी कधी मोजली, ती आता कुठं आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

शेवटच्या वर्षी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी कॉलेजात नोकरीसाठी मुलं निवडायला येणार असं कळलं. कॉलेजानं महिनाभर तयारी करून घेतली. टायची गाठ कशी मारायची, हात कसा मिळवायचा, स्वतःची ओळख इंग्रजीत कशी सांगायची. तुमचा दोष काय असं विचारलं तर "मी कामात फार गुंतून जातो" असं म्हणायचं. सगळ्यांचा दोष एकच, सगळ्यांचा छंदही एकच, वाचन. आरशासमोर उभी राहून मी ते इतक्यांदा घोकलं की झोपेतही बोलले असते.

कंपनीच्या दोघांनी मला ओळख विचारलीच नाही. एकानं खिशातून पिन काढली, समोर मायक्रोमीटर ठेवला आणि म्हणाला, "मोज." मी ते उपकरण उचललं तर ते मला वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होते. फिरवायचं कुठून, थांबायचं कुठं, त्या बारीक रेघा वाचायच्या कशा, काही कळेना. कपाळावर घाम आला. आणि तोंडातून आपसूक निघालं, "बारा पॉइंट सत्तेचाळीस."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. मग त्यातला वयस्कर होता तो म्हणाला, "बाळ, तुझ्या आधीच्या चौघांनीपण हेच सांगितलं. आम्ही पिन मात्र दरवेळी वेगळी देतोय."

दुपारी ती माणसं एकालाही न घेता निघून गेली. मी रडत बसले नाही, माझं डोकं फिरलं होतं. मी तडक प्राचार्यांकडे गेले आणि सांगितलं की चार वर्षांत आम्हाला उपकरणाला हात लावू दिलेला नाही, कपाट उघडून बघा. ते म्हणाले, बघतो. त्यांनी काय बघितलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. सर वर्गात आले आणि त्यांनी मला उभं केलं.

"कंपनी का गेली, माहितीये का?" ते वर्गाला म्हणाले. "या बाईसाहेबांमुळं. तिथं जाऊन लई, व्हय, नाय सुरू केलं. असली गावठी पोरं पुढं केल्यावर कोण उभं करणार आपल्याला?"

मी तिथं दोन शब्दसुद्धा धड बोलले नव्हते. माझ्या आधीचे चौघं खाली मान घालून बसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण एकानंही तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी ती कंपनी आलीच नाही, आणि माझं नाव पडलं ते पडलंच. गावाकडच्या लग्नात एक ज्युनिअर भेटला, तोही ओळख करून देताना म्हणाला, "हीच ती, कंपनी पळवणारी." माझे वडील शेजारीच उभे होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, पण जेवताना ते गप्प होते. त्या दिवशी माझ्या मनात पक्कं झालं की याचं उट्टं काढायचं.

मला पहिली नोकरी चिकलठाण्यातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये लागली. इंजिनिअर म्हणून नाही, माल तपासणारी हेल्पर म्हणून. तिथं एक म्हातारे चाचा होते. शाळा चौथीपर्यंत, पण बोटांना असं वळण की पिन नुसती चिमटीत फिरवून म्हणायचे, जाड आहे, परत पाठव. पहिल्या दिवशी मी मायक्रोमीटर बरणीच्या झाकणासारखा आवळला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "जोर नक्को लगा बेटी. पीछे का ये छोटा पेच घुमा. तीन बार टिकटिक सुन, बस. उससे आगे तेरा गुस्सा नापेगी, पिन नहीं." मी वर्षभर त्यांच्या शेजारी बसले. कॉलेजनं चार वर्षांत दिलं नाही ते त्या माणसानं चहाच्या सुट्ट्यांमध्ये दिलं.

नंतर मी मोठ्या कारखान्यात गेले, तोही शेंद्र्यालाच. आज तिथं मी गुणवत्ता विभागात अधिकारी आहे. आता कामाची तऱ्हा बदलली आहे. मोजायला कॅमेऱ्याची यंत्रं आहेत, आकडे आपोआप पडद्यावर येतात. त्यामुळे आम्हाला नुसता आकडा वाचणारी माणसं नको असतात. पडद्यावरचा आकडा खोटा आहे, यंत्राचंच काहीतरी बिनसलंय, असा संशय ज्याला येतो तो माणूस हवा असतो. आणि ज्यानं स्वतःच्या हातानं कधी काही मोजलेलं नाही, त्याला संशय येणार कुठून? गेल्या वर्षी नव्या विभागासाठी शिकाऊ इंजिनिअर घ्यायचे ठरले. कुठल्या कॉलेजात जायचं अशी चर्चा निघाली, तेव्हा मी माझ्या कॉलेजचं नाव पुढं केलं. साहेब म्हणाले, "तिथं तर कुणी जात नाही." मी म्हटलं, "म्हणूनच मी जाते."

मी तयारीनं गेले. फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मोजमापाची फाईल तयार गठ्ठ्यात मिळते, ती सकाळीच घेतली. मायक्रोमीटरचं पान उघडलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. आकडा तोच होता. मी बॅगेतल्या पिना चाळल्या आणि त्यातली सगळ्यात जाड, अठरा मिलिमीटरच्या पुढची पिन वरच्या कप्प्यात ठेवली. बारा आणि अठरातला फरक आंधळ्यालाही बोटानं कळला असता.

कॉलेजनं शाल, श्रीफळ, सगळं केलं. प्राचार्य नवे होते. सर तेच होते, केस तेवढे पांढरे झालेले. माईक हातात घेऊन म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, ही मुलगी कॉलेजचं नाव काढणार." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी हसून नमस्कार केला आणि म्हटलं, चाचणी इथंच घेऊ या, सगळ्यांसमोर.

पहिलं नाव वर्गात पहिली आलेल्या मुलीचं होतं. पैठणकडची, शिडशिडीत, टाय नीट बांधलेला. मी तिच्या हातात पिन आणि मायक्रोमीटर दिला. तिनं ते उलटसुलट केलं. तिच्या कपाळावर घाम आला. मग ती म्हणाली, "बारा पॉइंट सत्तेचाळीस, मॅडम."

मी हसले. मोठ्यानं हसले. हॉलमधली पोरंही हसली, आणि ती मुलगी लाल होऊन खाली बसली. आणखी तिघांना बोलावलं, तिघांनीही तोच आकडा दिला. प्राचार्यांचा चेहरा उतरला. मग मी सरांकडे वळले.

"सर, मुलं घाबरलीत. तुम्हीच एकदा मोजून दाखवा ना."

ते म्हणाले, चष्मा खोलीत राहिला. मी म्हटलं, मागवू या. शिपाई चष्मा घेऊन येईपर्यंत मी सरांकडे टक लावून बघत होते. त्यांनी उपकरण हातात घेतलं आणि आवळलं, अगदी मी पहिल्या दिवशी आवळलं होतं तसंच. मग त्यांनी एक आकडा सांगितला. तो पूर्ण एक मिलिमीटरनं चुकला होता. मला मजा आली, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं मनात हा प्रसंग मी रंगवत होते, प्रत्यक्षात तो त्याहून गोड निघाला.

नंतर ते मला प्रयोगशाळेत एकटीला गाठून म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट जरा सांभाळून लिहा. पोरांच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

"लिहिते," मी म्हटलं. "आधी तुम्ही वर्गासमोर एक वाक्य म्हणा."

"कोणतं वाक्य?"

त्यांना आठवतच नव्हतं! मला उभं केलं होतं ते, कंपनी, लई-व्हय-नाय, काहीही नाही. मीच त्यांना सगळं सांगितलं आणि काय म्हणायचं तेही सांगितलं. ते परत हॉलमध्ये गेले, माईक घेतला आणि म्हणाले, "पूर्वी एक कंपनी आपल्याकडून परत गेली होती. त्यात या मॅडमची चूक नव्हती. आपण उपकरणं कुलपात ठेवत होतो." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सर माईक ठेवून खाली बसले. मला वाटलं होतं तसं छातीवरचं ओझंबिझं काही उतरलं नाही, पण वाक्य मला मिळालं होतं.

उरलेल्या मुलांशीही बोलून मी रिपोर्टमध्ये लिहिलं की सहा शनिवार कारखान्यात सराव घेतला तर यातली सात मुलं घेता येतील. अट घातली की कपाटाचं कुलूप काढायचं आणि शनिवारी सरांनीही मुलांबरोबर यायचं. ते आले. ॲप्रन घालून मुलांच्या बाकावर बसले. "सर, जोर लावू नका," असं मी त्यांना गरज नसतानाही दोनदा म्हटलं.

माझ्या यादीत पहिलं नाव पैठणकडच्या त्या मुलीचं होतं. हॉल रिकामा झाल्यावरही ती टेबलाशी थांबली होती. पिन घेऊन पुन्हा पुन्हा मोजत होती, आणि निघण्यापूर्वी तिनं खरा आकडा काढला होता, कुणी न शिकवता. मला हवं होतं ते माणूस हेच होतं. पण पहिल्या शनिवारी ती आली नाही. दुसऱ्याही नाही. मी फोन केला.

"मी नाय येणार, मॅडम," ती म्हणाली.

"काहून गं? दुसरीकडं लागली का कुठं?"

"नाय. कुठंच नाय."

"मग? नोकरी नको का तुला?"

"हवीये. लई हवीये. मॅडम, तुम्ही याच कॉलेजच्या. आम्ही काय आकडा सांगणार ते तुम्हाला आधीच ठावं होतं. व्हय ना?"

मी हो म्हटलं.

"मंग माझ्या हातात कामून दिलं? सरांनाच द्यायचं होतं ना आधी." तिचा आवाज चढलेला नव्हता. "माझे बाबा भेटले होते त्या दिवशी कॉलेजच्या गेटवर, मला न्यायला आले होते. पोरं हसत हसत बाहेर आली आणि बाबांना माझी फजिती सांगत होती."

सांगायचं तेवढंच होतं, चुकलं माझं, तुझी काही चूक नव्हती. ती वाट बघत होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझं तोंड उघडलं नाही. शेवटी मी अधिकाऱ्याच्या आवाजात म्हटलं, शनिवारपर्यंत विचार कर आणि कळव. आणि फोन ठेवून दिला.